अफू? ती काय असती वो?

पोलीस खात्यात मी एकतीस वर्षं काढली. त्यात जीव तोडून पळालो असा दोनदाच. एकदा गड्ड्याच्या जत्रेत उधळलेल्या बैलापुढं आणि एकदा साहेबांची वाऱ्यानं उडालेली टोपी धरायला. बाकीची सगळी नोकरी लिहिण्यात गेली. लोकांना वाटतं पोलीस म्हणजे दांडकं. अहो, दांडकं खुंटीला असतं. हातात असतं पेन, पेनाखाली कार्बन आणि समोर खोटं बोलणारा माणूस. तो जे बोलतो ते आपण लिहून काढायचं, याला म्हणतात जबाब. असे हजारो जबाब मी लिहिले. खोटं ओळखण्यात आपला हात धरणारा सोलापूर जिल्ह्यात कुणी नाही, अशी माझी समजूत होती. ती समजूत एका केसमध्ये पार धुऊन निघाली.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं साल होतं. मी हवालदार होतो. पोलीस लाइनीत खोली मिळेना, म्हणून पूर्व भागात विणकरांच्या एका गल्लीत भाड्यानं राहत होतो. मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या रानातला. बायको, गौराबाई, मैंदर्गीची. ती माझ्याशी मराठी बोलायची, आणि देवाशी बोलताना व माझ्याशी भांडताना कानडी. गल्ली सगळी तेलुगू. पुरुष मागावर बसलेले, बाया उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळताहेत. हजार विड्या वळल्याशिवाय बाई उठायची नाही. प्रत्येकीच्या शेजारी झोळीत नाहीतर गोधडीवर एखादं तान्हं, आणि तान्हं कसं? गप्पगार. मी ठाण्यात कौतुकानं सांगायचो, आमच्या गल्लीतली पोरं म्हणजे सोन्याची, आणि त्यात आमची शारदा पहिल्या नंबरची. सहा महिन्यांची पोर, पण दुपारी जी झोपायची ती दिवेलागणीलाच डोळे उघडायची.

एका मंगळवारी सकाळी गल्लीतला राजय्या नावाचा विणकर उठेना. पस्तिशीचा धडधाकट गडी. नुसता घोरत होता, आणि दोन घोरण्यांच्या मध्ये इतका वेळ जायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. त्याची बायको लक्ष्मव्वा त्याच्या तोंडावर पाणी मारून थकली. आम्ही चौघांनी त्याला बाजेवर घालून सरकारी दवाखान्यात नेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं त्याची पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झालेली.

"हवालदार, ही अफू आहे. भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले.

दुपारी बाराच्या आत राजय्या गेला. पंचनामा मीच लिहिला. अंगावर जखम नाही, तोंडाला शिंदीचा वास, उजवा गाल सुजलेला. माझ्या हातानं लिहिलंय हो, 'उजवा गाल सुजलेला'. तिथंच थांबून स्वतःला विचारलं असतं की बाबा, गाल का सुजला, तर केस त्याच दिवशी सुटली असती. पण पंचनामा लिहिताना आम्ही डोळे वापरतो, डोकं वापरत नाही.

तेवढ्यात राजय्याचा थोरला भाऊ नागय्या छाती पिटत आला. "तिनंच इख घातलं! दारूवरनं रोज भांडत हुती. गालफाडात हाणलंय बगा तिनं!" गालाचं उत्तर आयतं मिळालं. नवरा-बायकोची भांडणं होत होती हे गल्लीला ठाऊक होतं, आणि राजय्यामागं एक खोली आणि दोन माग राहिले होते, त्यावर नागय्याचा डोळा होता हेही ठाऊक होतं. आम्ही पहिलं लिहून घेतलं, दुसरं सोडून दिलं.

लक्ष्मव्वाला ठाण्यात आणलं. कडेवर आठ महिन्यांचं पोर. तिला एकच प्रश्न शंभरदा विचारला, अफू कुठून आली? ती म्हणायची, "म्या न्हाय दिली." अरे बाई, दिली नाहीस तर नाहीस, पण आली कुठून? की ती गप्प, पदराच्या काठाकडं बघत राहायची. खात्यात एक जुना नियम आहे, गप्प बसला तो गुन्हेगार. नियम चुकीचा आहे, पण तो पाळायला लई सोपा. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला कोठडी दिली. अफू घरात आली कशी आणि राजय्याच्या पोटात गेली कशी हे कुणी सांगितलं नाही, तर तिच्यावर खुनाचं कलम लागणार हे आमच्या फौजदारांनी मला स्पष्ट सांगितलं.

हे फौजदारसाहेब नुकतेच पुण्याहून आलेले, तरुण, गोरेपान आणि उत्साही. उत्साही साहेब म्हणजे हवालदाराच्या राशीला शनी. त्यांनी भिंतीवर नकाशा टांगला, राजस्थानापासून सोलापूरपर्यंत तांबडी रेघ मारली आणि म्हणाले, "हवालदार, यामागं मोठी टोळी आहे. बाईनं विष घातलं, पण विकलं कुणी? आपण मुळाशी जायचं."

आम्ही मुळाशी जायला निघालो. पहिल्यांदा एका काष्ठौषधीवाल्याच्या दुकानावर छापा घातला. बरणीत काळीभोर चिकट वडी सापडली. साहेबांनी हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाले, "शंभर टक्के!" पंच म्हणून आमचे नेहमीचे पानवाले बाबूमियाँ उभे होते. पंच म्हणजे छाप्याच्या वेळी हजर राहणारा त्रयस्थ माणूस. बाबूमियाँ इतक्या पंचनाम्यांना त्रयस्थ राहिले होते की त्यांना खात्यानं पेन्शन द्यायला हरकत नव्हती. ते हळूच म्हणाले, "साब, ये अफीम नै. काला बोळ है, बाळंतिणीको देते." साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी बोटभर काढून जिभेवर ठेवला. ज्यांनी बोळ चाखलाय त्यांना पुढचं सांगायला नको. साहेब दिवसभर गूळ खात होते आणि दर अर्ध्या तासानं थुंकायला बाहेर जात होते.

मग वेषांतर. साहेबांनी मला खोटी दाढी लावून, कफनी घालून अफूबाज बैरागी केलं आणि माझ्याच गल्लीत पाठवलं. मी अंग चोरत, खांदे पाडून चालतोय, तोच पहिल्या दारातली म्हातारी सुपातनं मान वर न करता म्हणाली, "हवालदार, तुमची पोरगी आता उठल्याली दिसतीया. घराकडं जावा." मी दाढीसकट घरी गेलो. गौराबाई खो-खो हसली नाही. मला तेव्हा तेही खटकलं नाही.

शेवटी सरळ वर्दी घालून दारोदार फिरलो. विचारलं, बायांनो, गल्लीत अफू कोण विकतं? पहिलीनं विचारलं, "अफू? ती काय असती वो?" दुसरी म्हणाली, "अफू? ती काय असती वो?" अकरा घरं झाली, अकरा जणी तेच म्हणाल्या. ज्या गल्लीत नळावरच्या एका घागरीसाठी अर्धा दिवस भांडण चालायचं, त्या गल्लीत सगळ्यांचं एकमत! माझ्या जागी एखादी शेळी असती तरी तिनं कान टवकारले असते. मी मात्र डायरीत लिहिलं, 'गल्लीतील महिला अज्ञानी असून त्यांना अफूची माहिती नाही.'

इकडं कोठडीत लक्ष्मव्वाच्या पोरानं आकांत मांडला होता. पहिल्या दिवसापासून जे रडायला लागलं ते थांबेना. दूध पिईना, झोपेना, हातपाय ताठ करून किंचाळायचं. महिला पोलीस जिल्ह्यात शोधून सापडायच्या नाहीत, तेव्हा ते पोर आळीपाळीनं आम्हीच खांद्यावर घेऊन फिरायचो. फौजदारसाहेब कानात कापूस घालून तपासाचे कागद वाचत बसायचे. माझ्या शारदासारखं गुणी पोर असतं तर, असं मी दोनदा बोललोसुद्धा. लक्ष्मव्वानं तेव्हा माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

चौथ्या दिवशी दुपारी गौराबाई माझा डबा घेऊन ठाण्यात आली. पोराचं किंचाळणं तिनं फाटकातूनच ऐकलं असावं. डबा टेबलावर आपटला, माझ्या खांद्यावरचं पोर ओढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. कनवटीला हात घातला. पोराच्या तोंडात बोट फिरवलं. पाव तासात पोर गप्प, मग पेंगलं, मग झोपलं. सगळं ठाणं एकदम शांत झालं, इतकं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू आली.

"वा, वहिनी!" साहेबांनी कानातला कापूस काढला. "तुमच्या हाताला गुण आहे!"

गुण कसला! मी तिच्या हाताकडं बघत होतो. आंगठ्याच्या नखात काळं काहीतरी अडकलं होतं. काजळ म्हणावं, तर काजळ डोळ्यात घालतात, तोंडात नाही. कोठडीच्या गजाआडून लक्ष्मव्वा तिच्याकडं बघत होती, आणि दोघी एकमेकींना चांगल्या ओळखून होत्या. 

डबा तसाच ठेवला आणि तिला घेऊन घराकडं निघालो. वाटेत कन्ना चौक आला. मग विचारलं, "शारदेलाबी देतीस?"

"व्हय."

"कवापासनं?"

"तिसऱ्या म्हयन्यापासनं. म्याबी विड्या वळते की. तुमच्या पगारात भागतंय व्हय? पोर रडाय लागलं तर हजार विड्या कवा हुयाच्या? समदी गल्ली देती. मोहरीएवढं द्यायचं, जास्ती न्हाय."

"आनि हे मला आत्ता सांगतीस? चार दिवस मी दाढी लावून फिरतोय!"

"इचारलासा का? दारोदार इचारत फिरला, सोताच्या दारात इचारलं न्हाय."

 मग तिथंच, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं.

राजय्याची दाढ दुखत होती. गाल हा असा सुजलेला. सोमवारी दिवसभर तो गल्लीत घरोघर फिरला. आपल्याकडं विरजण मागतात तसं, "अक्का, थोडी गोळी दे, दाढ मारतीया." बाया पोरांसाठी अफूची बारकी वडी ठेवायच्या आणि त्यातून मोहरीएवढं चिमटून पोराला द्यायच्या. पण हा तर मोठा माणूस. मोहरीनं त्याचं काय होणार? म्हणून दर घरानं दयेनं हरभऱ्याएवढी दिली. एकीनं दिलेली दुसरीला माहीत नाही. सात घरांतून त्यानं सात हरभरे जमवले, आणि संध्याकाळी शिंदीबरोबर एकदम गिळले. लक्ष्मव्वा त्या वेळी विड्या पोचवायला कारखान्यात गेली होती.

"म्हंजे सात जणींनी..." मी म्हणालो.

"सातवी म्या."

सकाळी राजय्या गेला आणि प्रत्येकीला वाटलं, आपल्याच गोळीनं गेला. नळावर पाणी भरताना एकीच्या तोंडून निघालं, मग दुसरीच्या, तेव्हा कुठं त्यांना सातही कळल्या. कबूल करावं तर खून अंगावर येणार. विकणारीचं नाव सांगावं तर उद्यापासून पोरं झोपणार नाहीत, विड्या होणार नाहीत, चूल पेटणार नाही. म्हणून मग 'अफू? ती काय असती वो?' लक्ष्मव्वानंही गल्लीसाठी तोंड शिवून घेतलं होतं.

आता इथं माझी मोठेपणाची गोष्ट सांगायला मला आवडलं असतं. ती नाही. मी घरी गेलो, जेवलो नाही आणि दोन दिवस गप्प बसलो. हवालदाराच्या घरात चोरटी अफू, हवालदाराच्या बायकोच्या हातून मेलेल्याला गोळी! नोकरी जाणार, खोली जाणार, मैंदर्गीला सासऱ्याच्या दारात जाऊन बसावं लागणार. कोठडीत एक निरपराध बाई आहे हे मला माहीत होतं, आणि मी तिच्या दारावरनं येता-जाता मान खाली घालत होतो. आजही ते दोन दिवस आठवले की मला माझी शरम वाटते. गौराबाईनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं, "तुमच्या नोकरीपायी ती फासावर जाऊ दे म्हनता?" मी म्हणालो, "बघू." पोलिसानं 'बघू' म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो हे आमच्या बायकांइतकं कुणाला कळत नाही.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. लक्ष्मव्वा सुटली, आणि गोळी देणाऱ्या त्या सातजणींवरही खुनाचं कलम लागलं नाही. नागय्याला मागही मिळाले नाहीत आणि खोलीही नाही. अफू विकणारी सापडली, ती म्हणजे गल्लीच्या टोकाची बालव्वा, सत्तरीची, लहान मुलांना गुटी उगाळून देणारी. साहेब सहा शिपाई घेऊन टोळी पकडायला गेले. खोलीत बाजेवर तिचा लकवा झालेला नवरा पडलेला, आणि देवाच्या तसबिरीशेजारी काचेच्या चौकटीत सरकारी परवाना लावलेला. त्या काळी जुन्या अफूबाजांना डॉक्टरच्या दाखल्यावर सरकारच दरमहा ठरलेली अफू द्यायचं. म्हातारा निम्मी खायचा, उरलेल्या निम्म्याच्या म्हातारी वड्या करायची. साहेबांची राजस्थानातून निघालेली तांबडी रेघ सरकारी खिडकीपाशी येऊन थांबली. बालव्वा त्यांना म्हणाली, "सरकारी माल हाय बाबा, भेसळ न्हाय." त्या दिवसापासून साहेबांनी नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला.

बालव्वाला दंड झाला, परवाना रद्द झाला. आठवडाभर गल्लीतली झाडून सगळी पोरं रडत होती, आमची शारदासुद्धा. ती अशी रडली की तिला खांद्यावर घेऊन फिरताना मलाही रडू फुटलं. बाया मला पाहून दार लावून घ्यायच्या. बालव्वाचा म्हातारा अफूवाचून हाल हाल होऊन दोन महिन्यांत गेला. त्याचा कुठल्या कलमात हिशेब नाही, म्हणून तो मी इथं लिहून ठेवतोय. माझी एक वेतनवाढ रोखली आणि बदली मैंदर्गीच्या वाटेवर झाली. सासऱ्याच्या दारात बसायचं काही चुकलं नाही. आणि गौराबाई पुढं कितीतरी वर्षं मध्येच विचारायची, "माझ्याच गोळीनं गेला असंल का वो?" मी म्हणायचो, नाही गं, सातजणींच्या मिळून गेला. तिला ते कधी पटलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या गप्प बसलेल्या दोन दिवसांनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात नेहमीच्या टेबलाशी बसलो होतो. साहेब लक्ष्मव्वावर खुनाचं कलम लावायचा कागद तयार करत होते. दारात इरकल लुगड्याची सळसळ झाली. गौराबाई, कडेवर शारदा. मागं ओसरीवर गल्लीतल्या सहा जणी, पदर दातात धरून.

"साहेब, मला जबाब द्यायचाय," ती म्हणाली. "राजय्याच्या अफूचा."

साहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माणूस उत्साही होता, पण मनानं चांगला. "हवालदार, तुम्ही बाहेर बसा. हा जबाब मी लिहितो."

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "त्यास्नीच लिवू द्या. गप बसून बसून हात आखडलाय त्यांचा."

मी कागद ओढला, कार्बन सरळ केला. नाव लिहिलं. वय लिहिलं. धंदा, विड्या वळणे. त्याखाली नवऱ्याचं नाव. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव उच्चारत नाही. ठाण्यात आलेल्या बाया त्या ओळीशी हमखास अडायच्या. कुणी शेजारणीला सांगायला लावायची, कुणी पोराला पुढं करायची, आणि आम्ही वैतागून ओळ कोरी सोडायचो. साहेबही हळू आवाजात म्हणाले, "ती ओळ राहू द्या, वहिनी."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. ओळ कोरी राहिली असती, तर वरच्या ऑफिसात हा कागद वाचणाऱ्याला ही बाई कुणाची हे लगेच कळलं नसतं. मी पेन पुढच्या ओळीवर नेलं.

गौराबाईनं शारदेला एका कडेवरनं दुसऱ्या कडेवर घेतलं. लग्नात एकदा नाव घेतलं होतं, तेही चार बायांनी चिमटे काढल्यावर. त्यानंतर नऊ वर्षांत नाही.

"लिवा," ती सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सिद्राम मल्लप्पा बिराजदार. हवालदार, ह्याच ठान्यात."

मी पेन मागं आणलं आणि लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं वाकून पाहिलं.

"आता म्होरलं लिवा," ती म्हणाली. "राजय्याला गोळी म्या दिली."